स्त्रीने करावयाची पुरुषभूमिका : ‘रूपानुरूपा’ प्रकृतीचा विचार

१. प्रश्नाचे स्वरूप

मान्यता पावलेले एखादे जुने नाटक पुन्हा रंगभूमीवर आणताना त्यातील नायकाची भूमिका स्त्रीकडे सोपवावी काय, असा प्रश्न निघाला म्हणजे आपल्याकडे बहुधा दोन प्रकारची उत्तरे मिळतात. काहींच्या मते हे पाश्चात्त्य रंगभूमीवरून आणलेले नवे खूळ होय. त्यामुळे नाटकाची थट्टा मात्र होईल. दुसऱ्या पक्षाचे म्हणणे असे की, स्त्री-पुरुषांचा दर्जा समान मानल्यावर या गोष्टीची चर्चाही करण्याचे कारण उरत नाही. पहिल्या उत्तरात आपल्याच नाट्यपरंपरेचे विस्मरण आहे. दुसऱ्या उत्तरात भूमिका आणि नट यांच्यामधील नाते विचारात घेतलेले नाही. हक्क मान्य झाला तरी प्रयोग कसा उभा राहील, हा प्रश्न शिल्लक राहतोच. प्रस्तुत लेखात त्या प्रश्नाचा विचार करावयाचा आहे.

विवेचन हवेत राहू नये म्हणून एक प्रसंग कल्पू. हिंगोली जिल्ह्याच्या वसमत तालुक्यातील कुरुंदा हे गाव मराठी वाचकाला मुख्यतः एका आडनावामुळे परिचित आहे. नरहर कुरुंदकर (१९३२–१९८२) यांच्या घराण्याचे हे गाव. आणि भरताच्या नाट्यशास्त्राचा विचार हा कुरुंदकरांच्या व्यासंगाचा एक आवडता विषय होता. अशा गावी हौशी मंडळींनी खाडिलकरांचे ‘मानापमान’ करावयाचे ठरविले आहे, असे समजू. भामिनीसाठी मुलगी मिळाली आहे. धैर्यधरासाठी मात्र गाता गळा असलेला तरुण मिळत नाही. आणि ज्या दुसऱ्या मुलीला ती सर्व पदे येतात तिची ते काम करण्याची तयारी आहे. दिग्दर्शकाने काय करावे? तो अडचणीपुरता आपद्धर्म म्हणून होकार देईल, की या निवडीमागे काही नाट्यशास्त्रीय आधार आहे असे मानून तो पुढे जाईल? या दोन होकारांतून दोन निराळे प्रयोग निर्माण होतील, हे सहज ध्यानात येईल.

२. भरताचे मत

नाट्यशास्त्र हे प्रथमतः प्रयोग करणाऱ्यांसाठी सिद्ध झालेले शास्त्र आहे. म्हणूनच कोणी कोणाची भूमिका करावी, या व्यावहारिक प्रश्नाचा विचार त्यात सविस्तर आला आहे. पात्रांच्या प्रकृतीचे भरताने तीन प्रकार सांगितले आहेत. नटाचे वय व लिंग भूमिकेशी जुळणारे असेल तर ती ‘अनुरूपा’ प्रकृती. बालकाने वृद्धाची अथवा वृद्धाने बालकाची भूमिका करावी, अशा वयाच्या विरोधात ‘विरूपा’ प्रकृती. आणि पुरुषाने स्त्रीची अथवा स्त्रीने पुरुषाची भूमिका करावी ती ‘रूपानुरूपा’. या तिसऱ्या प्रकाराचे विवेचन करताना, स्त्रीने आपल्या इच्छेने पुरुषभूमिका करावी, असे भरताने स्पष्टपणे म्हटले आहे. तेव्हा ही गोष्ट शास्त्राला अज्ञात अथवा निषिद्ध होती, असे मानण्यास आधार नाही.

याहून महत्त्वाचे स्थळ गतीच्या विवेचनात आढळते. कोणत्या पात्राने रंगावर कसे चालावे, हे सांगताना भरत भूमिकांच्या अदलाबदलीकडे वळतो. पुरुषाने स्त्रीची भूमिका करावयाची झाल्यास वेष, भाषण, दृष्टिक्षेप आणि मृदू, मंद गती यांचा आश्रय त्याने करावा, असे तो सांगतो. स्त्रीने पुरुषाची भूमिका करावयाची झाल्यास मात्र त्याची यादी निराळ्या ठिकाणी सुरू होते. धैर्य, औदार्य, सत्त्व आणि बुद्धी हे गुण तो प्रथम सांगतो. वेष, वाक्य आणि हालचाल यांचा निर्देश त्यांच्या मागून येतो.

हा क्रम विचार करण्याजोगा आहे. आपल्याकडे स्त्रीच्या हाती पुरुषभूमिका आली की पहिली चिंता असते ती मिशीची. आवाज जाड कसा काढावा, छाती कशी लपवावी, पावले कशी फेकावी, यांतच तालमी संपतात. भरताची दृष्टी निराळी आहे. पुरुषभूमिकेचा आधार तो शरीरात शोधत नाही. काही मनोधर्मांत शोधतो. आणि हे मनोधर्म स्त्रीच्या ठिकाणी असू शकतात, हे गृहीत धरल्यावाचून त्याला हा उपदेशच करता आला नसता. अर्थात, धैर्य-बुद्धी यांची गणना पुरुषाच्या बाजूस आणि मंद गतीची स्त्रीच्या बाजूस करण्यात त्या काळचा समाज बोलतो आहे, हेही विसरता कामा नये. तथापि, समाजाची विभागणी स्वीकारूनही शास्त्रकाराने रंगभूमीवर ती ओलांडण्याची वाट मोकळी ठेवली, ही गोष्ट लहान नाही.

केरळातील नंगियारकूत्तु या प्रकारात ही वाट आजही दिसते. तेथे एकटी नंगियार कृष्णकथेतील निरनिराळी पात्रे, पुरुषपात्रेही त्यांत आली, आळीपाळीने साकार करते. वेष बदलण्याची तिला गरज पडत नाही. दृष्टी, मुद्रा आणि शरीराचा तोल बदलला की पात्र बदलते.

३. ‘प्रियदर्शिके’तील साक्ष

शास्त्रात एखादी गोष्ट सांगितली म्हणजे ती प्रत्यक्षात घडत होतीच असे होत नाही. म्हणून नाटकांतूनच साक्ष मिळाली तर ती अधिक मोलाची. सातव्या शतकातील हर्षाच्या ‘प्रियदर्शिका’ या नाटिकेत तशी साक्ष मिळते.

नाटिकेच्या तिसऱ्या अंकात नाटकातील नाटक आहे. वत्सराज उदयन आणि वासवदत्ता यांच्या पूर्वप्रेमाची कथा सांकृत्यायनीने नाट्यरूपाने रचली असून राणी वासवदत्तेसमोर तिचा प्रयोग व्हावयाचा आहे. वासवदत्तेची भूमिका आरण्यकेकडे, म्हणजे ओळख न पटता दासीच्या स्थितीत राहणाऱ्या प्रियदर्शिकेकडे आहे. नायकाची, खुद्द वत्सराजाची, भूमिका मनोरमा नावाच्या दासीने करावयाची आहे. राजाचे आरण्यकेवर मन जडलेले असल्याने विदूषक आणि मनोरमा संगनमत करतात. आणि ऐन प्रयोगात मनोरमेच्या जागी राजा स्वतःच स्वतःची भूमिका करण्यास उभा राहतो. समोर पाहणारी राणी प्रथम चकित होते. हा आपला पतीच, असे तिला वाटते. परंतु हे नाटक आहे याची तिला आठवण करून दिली जाते आणि समोर मनोरमाच आहे असे समजून ती पुढे पाहू लागते. अखेर झोपेतून उठलेला विदूषक गुपित फोडतो.

या प्रसंगाकडे अभ्यासक बहुधा गर्भांकाच्या रचनेच्या दृष्टीने पाहतात. आपल्या विषयाच्या दृष्टीने त्यातील महत्त्वाची बाब ही की, दासीने राजाचे काम करावे यात नाटिकेतील एकाही पात्राला काही वावगे वाटत नाही. राणीला नवल वाटते ते साम्याचे. स्त्रीने पुरुषवेष घेतल्याचे नवल तिला वाटत नाही. शिवाय सारी युक्ती ज्या पायावर उभी आहे तो पाहावा. स्त्री राजाची भूमिका हुबेहूब वठवू शकते, असा प्रेक्षकाचा विश्वास असल्यावाचून प्रत्यक्ष राजा हा मनोरमा म्हणून खपूच शकला नसता. हर्षाने हा विश्वास समजावून सांगितलेला नाही. तो आपल्या प्रेक्षकांच्या ठिकाणी आहे असे धरून चालला आहे.

मात्र या साक्षीचा अर्थ तिच्या मर्यादेतच लावला पाहिजे. हा प्रयोग अंतःपुरातील आहे आणि तो करणाऱ्या साऱ्या स्त्रिया आहेत. सार्वजनिक रंगभूमीवरही हाच संकेत होता, असे त्यावरून सिद्ध होत नाही. उलट बाजूचे पुरावेही आहेत. स्त्रीवेष घेणाऱ्या पुरुषनटाला ‘भ्रूकुंस’ असा शब्द पतंजलीच्या महाभाष्यात येतो. आणि विदर्भातील पद्मपूरच्या भवभूतीने ‘मालतीमाधवा’च्या प्रस्तावनेत कामंदकीची भूमिका सूत्रधाराकडेच दिली आहे. दोन्ही दिशांची अदलाबदल संस्कृत रंगभूमीला परिचित होती, एवढा निष्कर्ष मात्र निःशंकपणे काढता येतो.

४. मराठी रंगभूमीचा एकांगी वारसा

मराठी रंगभूमीने या दुहेरी परंपरेपैकी एकच बाजू वैभवाला नेली. १८४३ मध्ये सांगलीस विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ केले तेव्हापासून स्त्रीभूमिका पुरुषच करीत आले. भाऊराव कोल्हटकरांची शकुंतला, बालगंधर्वांची भामिनी आणि सिंधू ही या परंपरेची शिखरे होत. ‘शारदे’च्या भूमिकेने बालवयात कीर्ती मिळविलेले केशवराव भोसले पुढे धैर्यधर झाले, आणि ८ जुलै १९२१ रोजी झालेल्या ‘संयुक्त मानापमाना’त त्यांचा धैर्यधर व बालगंधर्वांची भामिनी समोरासमोर उभी राहिली. त्या रात्री रंगभूमीवर असलेली ही दोन्ही माणसे स्त्रीभूमिकेतून नावारूपाला आलेली होती, याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही.

संकेत किती खोल रुजतो, याचे उदाहरणही बालगंधर्वांच्याच चरित्रात आहे. १९३५ मध्ये प्रभातच्या ‘धर्मात्मा’ या चित्रपटात त्यांनी संत एकनाथांची भूमिका केली. पुरुषाने पुरुषाचीच भूमिका केली होती. भरताच्या भाषेत ती ‘अनुरूपा’ प्रकृती झाली. परंतु ज्यांनी वर्षानुवर्षे त्यांना भामिनी व सिंधू म्हणून पाहिले होते त्या प्रेक्षकांच्या मनाने हे रूप तितकेसे स्वीकारले नाही. म्हणजे, रंगभूमीवर ‘स्वाभाविक’ काय वाटते, हे नटाच्या देहापेक्षा प्रेक्षकाच्या सवयीवर अधिक अवलंबून असते. स्त्रीने केलेला नायक अस्वाभाविक वाटतो, हा आक्षेप घेणाऱ्याने हे उदाहरण नजरेआड करू नये.

दुसरी बाजू अगदीच रिकामी होती, असेही नाही. केवळ स्त्रियांच्या नाटक मंडळ्या महाराष्ट्रात होत्या, आणि तेथे नायकापासून विदूषकापर्यंत सर्व कामे स्त्रियांनाच करावी लागत. गानतपस्विनी मोगूबाई कुर्डीकर यांच्या चरित्रात सातारकर स्त्री संगीत मंडळीचा उल्लेख येतो. त्याआधी चंद्रेश्वर भूतनाथ संगीत मंडळीत असताना लहानग्या मोगूबाईंनी ध्रुव व प्रल्हाद यांची कामे केली होती. गोव्याच्या धालोमध्ये स्त्रिया मांडावर पुरुषांची सोंगे आणतात, तीही याच प्रवृत्तीची लोकाविष्कृती होय.

परंतु या दोन बाजूंना मिळालेले मोल सारखे नाही. पुरुषाने केलेली स्त्रीभूमिका ही कला ठरली. ‘स्त्रीपार्टी’ हा शब्द नाट्यव्यवसायात प्रतिष्ठा पावला. स्त्रीने केलेल्या पुरुषभूमिकेला असा रूढ शब्दसुद्धा लाभला नाही. याचे कारण कलेत शोधण्याचे प्रयोजन नाही. स्त्री मंडळ्यांतील बहुतेक नटी कलावंतीण वर्गातून आलेल्या होत्या. प्रतिष्ठित प्रेक्षक त्यांच्या प्रयोगाला गेला तरी त्याविषयी लिहिण्यास कचरे. पुढे १९२९ मध्ये हिराबाई बडोदेकरांनी स्वतःची नाटक मंडळी काढली. १९३३ मध्ये नाट्यमन्वंतरच्या ‘आंधळ्यांची शाळा’ या नाटकात ज्योत्स्ना भोळे व पद्मा वर्तक यांनी स्त्रीभूमिका केल्या, आणि स्त्रीची भूमिका स्त्रीने करावी हे तत्त्व स्थिर झाले. ते न्याय्य होतेच. परंतु त्याबरोबर एक उपसिद्धान्तही नकळत रुजला : स्त्रीने स्त्रीचीच भूमिका करावी. तेव्हापासून हॅम्लेट, चारुदत्त, सुधाकर ही मोठ्या आवाक्याची पात्रे नटीच्या वाट्यास येण्याची शक्यता जवळजवळ संपली. अंतर्द्वंद्वाने नाटकाचा मध्य व्यापणारी जुनी भूमिका बहुधा पुरुषाची असते. त्या द्वंद्वाचा ताप सोसणारी भूमिका स्त्रीची. ज्या नटीला आयुष्यभर सिंधूच करावयाची आहे तिच्या शक्तीचे पूर्ण माप रंगभूमीला कधीच मिळत नाही. प्रस्तुत प्रश्नाचे खरे गांभीर्य येथे आहे.

५. अन्यत्रचे अनुभव

पाश्चात्त्य रंगभूमीवरील उदाहरणे येथे थोडक्यात पाहणे पुरेसे आहे. १८४५ च्या अखेरीस लंडनमध्ये शार्लट कुशमन या अमेरिकन नटीने रोमिओची भूमिका केली. तिची सख्खी बहीण ज्युलिएट होती. शेक्सपियरच्या मूळ संहितेकडे परतणारा प्रयोग म्हणूनही तो महत्त्वाचा मानला जातो. १८९९ मध्ये सारा बर्नहार्ट हिने पॅरिसमध्ये हॅम्लेट केला, तेव्हा ती पन्नाशी ओलांडलेली होती. अलीकडच्या काळात फिओना शॉ हिने १९९५ मध्ये दुसऱ्या रिचर्डची व ग्लेन्डा जॅक्सन हिने २०१६ मध्ये लिअरची भूमिका केली. जपानमध्ये १९१४ पासून प्रयोग करीत असलेल्या ताकाराझुका मंडळीत सर्व पुरुषभूमिका स्त्रियाच करतात, आणि त्यासाठी त्यांना स्वतंत्र शिक्षण दिले जाते.

या उदाहरणांतून एक गोष्ट निष्पन्न होते. जेथे ही निवड यशस्वी झाली तेथे ती अडचणीपोटी झालेली नव्हती. संहितेतील काही विशिष्ट गोष्ट उजेडात यावी, अशा हेतूने अथवा दीर्घ शिक्षणाच्या आधाराने ती झालेली होती.

६. दिग्दर्शकापुढील तीन मार्ग

‘नायकाच्या भूमिकेत स्त्री’ असे आपण सरसकट म्हणतो. वस्तुतः त्यात तीन निरनिराळ्या पद्धती अंतर्भूत आहेत, आणि त्यांची गल्लत झाली की प्रयोग फसतो.

पहिल्या पद्धतीत नटीने पुरुषच उभा करावयाचा असतो. आपण स्त्री पाहत आहोत याचा प्रेक्षकाला विसर पडावा, हे ध्येय. बालगंधर्वांच्या कलेची ही उलट बाजू होय. येथे वेष, चाल, आवाज यांवर कठोर मेहनत लागते.

दुसऱ्या पद्धतीत पात्र पुरुषच राहते. पण ते स्त्री करीत आहे हे झाकले जात नाही. प्रेक्षक दोघांनाही एकाच वेळी पाहतो. २०१२ मध्ये लंडनमध्ये फिलिडा लॉइड यांनी स्त्रियांच्या तुरुंगातील बंदिनी ‘ज्यूलियस सीझर’ करीत आहेत, अशी योजना केली होती. हॅरिएट वॉल्टर यांचा ब्रूटस तेथे ब्रूटसही होता आणि सत्तेपासून दूर ठेवलेली एक बंदिनीही.

तिसऱ्या पद्धतीत पात्रच स्त्री होते. २०१० मधील ‘टेम्पेस्ट’वरील चित्रपटात हेलन मिरेन यांनी प्रॉस्परोऐवजी प्रॉस्पेरा रंगविली, ती अशी. ही पद्धत त्याज्य नाही. परंतु भरताच्या परिभाषेत ती ‘रूपानुरूपा’ नव्हे. स्त्रीने स्त्रीचीच भूमिका केली म्हणजे ती ‘अनुरूपा’ झाली. बदल नटाच्या निवडीत न होता संहितेत झाला आहे. तिचे मूल्यमापन रूपांतर म्हणून करावे. प्रयोग म्हणून करू नये.

७. धैर्यधराची परीक्षा

आता आपल्या कुरुंद्याच्या कल्पित प्रयोगाकडे वळू. १२ मार्च १९११ रोजी प्रथम रंगभूमीवर आलेले ‘मानापमान’ हे नाटक संपत्तीचा मान आणि शौर्याचा मान यांच्या विरोधावर उभे आहे. श्रीमंत घराण्यातील भामिनी गरीब सेनानी धैर्यधराला तुच्छ लेखते. तिच्यासाठी सुचविलेला दुसरा वर लक्ष्मीधर संपन्न आहे, पण भित्रा. वनमालेच्या वेषात धैर्यधराजवळ राहिल्यावर भामिनीला त्याची खरी योग्यता कळते.

या रचनेत लक्ष्मीधराचे प्रयोजन काय, याचा विचार करावा. तो पुरुष आहे. पुरुषदेहाला जे सहजप्राप्त मानले जाते ते सर्व त्याच्यापाशी आहे. नाही ते धैर्य. म्हणजे धैर्य हा देहधर्म नव्हे, हे खाडिलकरांच्या नाटकाने स्वतःच सिद्ध केलेले आहे. भरताने स्त्रीला पुरुषभूमिकेसाठी जे गुण सांगितले त्यांतील पहिला गुण तो हाच. आणि नायकाच्या नावातही तोच आहे. लक्ष्मीधराचे काम मुलाने व धैर्यधराचे काम मुलीने केले तर नाटकाचा मूळ विरोध फिका होणार नाही. उलट तो प्रेक्षकाच्या डोळ्यांपुढे उभा राहील. मान कशाला द्यावयाचा, बाह्य रूपाला की अंगच्या गुणाला, हाच तर भामिनीपुढील प्रश्न आहे. तोच प्रश्न प्रेक्षकालाही सोडवावा लागेल.

संगीताच्या दृष्टीनेही हा मार्ग जितका अवघड वाटतो तितका नाही. पुरुष सामान्यतः काळी एक-दोनच्या आसपास गातो, स्त्री काळी चार-पाचच्या. त्यामुळे नायक-नायिकांच्या पदांत पट्टी बदलण्याची अडचण संगीत नाटकाला नेहमीच भेडसावते. पूर्वीचे गायकनट उंच पट्टीत गात, म्हणून ती त्या वेळी जाणवली नाही. दोन्ही भूमिका स्त्रियांकडे असल्या तर दोघींची पट्टी आपोआप जुळते. नाट्यशास्त्रात अन्यत्र स्त्रियांचा कंठ गायनाला व पुरुषांचा पाठ्याला अधिक अनुकूल मानला आहे. संगीत नाटकात पदांचा वाटा मोठा असल्याने या मताचा कौलही गाणाऱ्या मुलीच्याच बाजूने पडतो.

राहिला गद्य संवादांचा प्रश्न. येथे आवाज मुद्दाम घोगरा करण्याचा मोह आवरला पाहिजे. तसा आवाज दुसऱ्या अंकापर्यंत टिकत नाही आणि पदाला लागताच त्याचे सोंग उघडे पडते. वाक्य संपेपर्यंत श्वास न मोडणे, अकारण हालचाल न करणे, समोरच्याच्या नजरेला नजर देऊन थांबणे, यांतून सेनानी दिसतो. सत्त्व या शब्दाचा तालमीतील अर्थ हाच.

८. समारोप

तेव्हा, नायकाचे काम स्त्रीला द्यावे काय, या प्रश्नाचे उत्तर सर्व नाटकांना एकच असू शकत नाही. संहिता काय मागते, तीन पद्धतींपैकी कोणती स्वीकारावयाची आणि नटीची तयारी किती, यांवर ते अवलंबून राहील. परंतु ‘हे आपले नव्हे’ हा आक्षेप मात्र टिकणारा नाही. भरताने या प्रकाराला नाव दिले, हर्षाने त्यावर एक अंक रचला, आणि मराठी स्त्री मंडळ्यांनी तो पोटासाठी का होईना, जिवंत ठेवला.

पदव्युत्तर अभ्यासकांना येथे एक काम करण्याजोगे आहे. मराठवाड्यातील गावोगावच्या कन्याशाळांच्या स्नेहसंमेलनांतून शिवाजी, राम, धैर्यधर यांची कामे मुलींनीच केलेली आहेत. ती कामे केलेल्या वृद्ध स्त्रिया घराघरांत आहेत. त्यांना नाटकाचे नाव आठवते, घेतलेला फेटा आठवतो, आणि बरेचदा संवादही आठवतात. या आठवणी वेळेवर लिहून घेतल्या, तर रूपानुरूपा प्रकृतीच्या ज्या बाजूचा इतिहास लिहिण्याचे राहून गेले तिला आधार मिळेल. कुरुंद्याच्या कल्पित दिग्दर्शकाने त्या मुलीला धैर्यधराचे काम जरूर द्यावे. मात्र देताना, मुलगा मिळाला नाही म्हणून तुला घेतले, असे तिला सांगू नये. कारण ते ऐकून रंगावर उभी राहिलेली मुलगी मिशी सावरीत राहील, आणि धैर्य तिला आठवणार नाही.